लोकधुनेचा शोध आणि शोधकाची रुची

लोकसंगीताच्या अभ्यासात ‘रुची’ हा शब्द बहुधा दोष दाखविण्यासाठीच योजला जातो. संग्राहकाने आपली आवडनिवड दाराबाहेर ठेवावी आणि जे जे कानी पडेल ते ते निर्विकारपणे टिपून घ्यावे, असा या शास्त्राचा दंडक आहे. संग्राहकापुरता हा दंडक रास्तही आहे. परंतु लोकधुनांच्या वाटेला जाणारे सगळेच संग्राहक नसतात. काही जण आपल्या कानाला रुचेल असे नवे सूर शोधीत निघतात. आणि त्यांच्या शोधाचे मूल्यमापन संग्राहकाच्या कसोटीने केले, तर त्यांच्यावर अन्याय होतो, तसाच अभ्यासाचाही तोटा होतो. कुमार गंधर्वांनी माळव्यातील लोकधुनांचा जो मागोवा घेतला, त्याविषयी मराठीत झालेल्या चर्चेत हा घोटाळा पुष्कळदा दिसतो. कोणी त्यांना लोकसंगीताचे संशोधक म्हणतो, कोणी नवरागनिर्माते म्हणतो. या दोहोंच्या मध्ये जी गोष्ट घडली ती मात्र निसटून जाते.

मुळात ‘देशी’ या संकल्पनेतच रुचीला स्थान आहे, हे विसरले जाते. मतंगाने ‘बृहद्देशी’त देशीचे जे लक्षण सांगितले आहे, त्यात स्त्रिया, मुले, गोपाळ आणि राजे आपापल्या प्रदेशात स्वेच्छेने व अनुरागाने जे गातात ते देशी, असा आशय आहे. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने तर त्या त्या देशातील जनांची रुची हाच देशीचा पाया मानला. म्हणजे परंपरेच्या दृष्टीने रुची हा देशी संगीताला बाहेरून चिकटलेला दोष नसून त्याचे घटकतत्त्व आहे. मात्र शार्ङ्गदेवाची रुची ही जनांची, समूहाची. एका व्यक्तीची रुची त्या समूहाच्या रुचीशी कशी भिडते, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. तो आधुनिक काळाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन युरोपीय उत्तरे प्रसिद्ध आहेत. सेसिल शार्प या इंग्रज संगीतज्ञाने 1903 साली सॉमरसेट परगण्यात एका माळ्याच्या तोंडून एक जुने गीत ऐकले आणि तेथून त्याच्या आयुष्याला वळण लागले. 1916 ते 1918 या काळात तो मॉड कार्पेलीस हिच्यासह अमेरिकेतील ॲपेलेशियन डोंगरांत हिंडला आणि विपुल गीते घेऊन आला. पण तेथे त्याने शोधले ते मुख्यतः आपल्या इंग्लंडचेच हरवलेले गाणे. त्या डोंगरांत वाद्यसंगीत होते, भक्तिगीते होती, कृष्णवर्णीयांचे गाणे होते. त्याकडे त्याचे लक्ष फारसे गेले नाही. याउलट हंगेरीचा बेला बार्टोक. 1904 साली एका मोलकरणीच्या तोंडचे गाणे ऐकून तोही असाच चकित झाला होता. त्या वेळी हंगेरीत लोकगीत म्हणून जे मिरविले जात असे, ते शहरी वाद्यवृंदांचे लोकप्रिय गाणे होते, आणि बार्टोकची रुचीही त्यावरच पोसलेली होती. झोल्तान कोदाय याच्यासह फोनोग्राफ घेऊन तो खेड्यांत गेला, ट्रान्सिल्व्हानियात त्याला पंचस्वरी चाली आढळल्या, आणि त्यानंतर त्याच्या स्वतःच्या रचनेचा धर्मच पालटला. शार्पने आपली रुची घेऊन प्रवास केला व ती जशीच्या तशी परत आणली. बार्टोकची वाटेत बदलली. विधान काहीसे कठोर आहे. शार्पचे ऋण त्याने कमी होत नाही. पण रुचीने केलेल्या शोधाला लावण्याजोगी कसोटी या दोघांच्या तुलनेतून हाती लागते: सापडलेल्या वस्तूने शोधणाऱ्यास बदलले की नाही?

मराठीपुरते पाहिले तर येथील संग्राहकांची रुची प्रायः शब्दांची होती. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ घ्या किंवा सरोजिनी बाबर यांच्या परिश्रमाने प्रकाशात आलेले लोकसाहित्याचे संग्रह घ्या. ओवी तेथे आहे, पण ती जात्यावर कोणत्या स्वरावर टेकत होती हे नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित होऊ लागेपर्यंत ही उणीव कोणाला फारशी जाणवलीही नाही. वाङ्मयाच्या विभागांनी लोकगीत वाचले, ऐकले नाही.

कुमार गंधर्वांच्या बाबतीत प्रारंभ उलट्या टोकापासून होतो. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 8 एप्रिल 1924 रोजी जन्मलेला हा मुलगा बालवयातच मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिकांची हुबेहूब नक्कल करून श्रोत्यांना थक्क करीत असे. या अद्भुताची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही: असाधारण गळा लाभलेल्या या मुलाची रुची त्या वयात सर्वस्वी इतरांची होती. मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे आल्यावर त्याला अनेक घराण्यांचे गाणे खुले झाले. देवधरांची दृष्टी कोणत्याही एका घराण्याला बांधलेली नव्हती, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (1961) या ग्रंथात स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान निरनिराळ्या घराण्यांची स्थाने दाखविली आहेत. त्या मांडणीचा एक अन्वयार्थ असा की घराणे ही शिष्याला तयार मिळालेली रुची असते. काय आवडून घ्यावे, काय वर्ज्य मानावे, याचा निवाडा त्याच्या जन्मापूर्वीच झालेला असतो. घराणे नाकारणाऱ्याला हा निवाडा स्वतः करावा लागतो, आणि त्यासाठी त्याला सामग्री कोठून तरी आणावी लागते.

ती सामग्री माळव्यात मिळाली. पण कशी मिळाली, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व 1948 साली देवासला राहावयास आले आणि पुढे सुमारे पाच वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्याने जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने, लग्नकार्यातील बायकांची गाणी, सणावारांची गाणी त्यांच्या कानांवर पडत राहिली. हा प्रसंग चरित्रकारांनी करुणरसाने पुष्कळ रंगविला आहे. समीक्षेच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. गायकाची रुची बव्हंशी त्याच्या गळ्यात असते. जे गळ्यातून सहज निघते ते त्याला आवडते, आणि जे ऐकले ते लगेच गाऊन पाहिल्यामुळे ऐकलेल्या वस्तूला त्याच्या सवयीचा आकार येतो. ज्या गायकाला वर्षानुवर्षे केवळ ऐकावे लागले, त्याच्या बाबतीत कान आणि गळा यांची ही गाठ सुटली. ज्या मुलाने पूर्वी ऐकताक्षणी नक्कल केली, त्याला आता नक्कल करणे शक्य नव्हते. माळव्याची धून त्याच्या कानात पुरेसा काळ परकी राहू शकली.

या धुनांचा विस्तार लहान असतो. बहुतेक चाली चारपाच स्वरांत फिरतात. महाराष्ट्रातील हादग्याची वा भुलाबाईची गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना माळव्यातील मुलींच्या ‘संजा’च्या गाण्यांची जात ओळखणे कठीण जाणार नाही. इतक्या अल्प अवकाशात चाल स्वतःची ओळख टिकविते ती स्वरसंख्येच्या बळावर नव्हे, तर एखाद्या वळणाच्या, एखाद्या स्वरावर किंचित थांबण्याच्या किंवा त्याला ओलांडून जाण्याच्या बळावर. रागाची ओळख आरोह-अवरोह आणि वादी-संवादी यांत पाहण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे प्रथम पटत नाही. भातखंडे यांच्या वर्गीकरणाने संगीताच्या अध्यापनाला जी शिस्त दिली तिचे मोल मोठे आहे. परंतु त्या शिस्तीत पिलू, मांड, पहाडी यांसारख्या रागांना ‘धून’ म्हणून काहीसे खालच्या पायरीवर बसविण्याची प्रथाही रुजली. कुमार गंधर्वांनी ही उतरंड उलटी केली. राग हा धुनेतून उगवतो, आणि म्हणून जी धून अद्याप रागाला पोहोचलेली नाही तिच्यात राग दडलेला असू शकतो, ही त्यांची भूमिका. ‘धुनउगम राग’ ही संज्ञा तिच्यातून आली, आणि 1965 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’च्या पहिल्या भागात जुन्या रागांतील स्वरचित बंदिशींच्या सोबतीने मालवती, सहेली तोडी, अहिमोहिनी, लगनगंधार यांसारखे राग अभ्यासकांपुढे आले.

येथे निवड झाली, हे उघड आहे. प्रत्येक धून राग होत नाही. जिच्यात वाढीची शक्यता दिसली तीच घेतली गेली, आणि ही शक्यता पाहणारा कान एकाच माणसाचा होता. आक्षेपकांचे म्हणणे असे की, मग यात माळवा किती आणि कुमार गंधर्व किती? प्रश्न योग्य आहे, पण तो बहुधा चुकीच्या अपेक्षेने विचारला जातो. धून रागात जाताना तिचा प्रसंग गळतो. हळदीच्या वेळचे गाणे मैफलीत हळदीचे राहत नाही. तिचे समूहत्व जाते, गाणाऱ्या बायका जातात. ही हानी खरी आहे आणि ती सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. ज्यांच्या गळ्यांतून या चाली आल्या त्या माळवी स्त्रिया संगीताच्या इतिहासात बहुतांशी निनावीच राहिल्या. बंदिशीवर रचनाकाराचे नाव असते, धुनेवर कोणाचेच नसते. संग्राहकाने असे केले असते तर त्याला क्षमा नव्हती.

परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, माळव्याने या गायकाचे काय केले, हेही विचारले पाहिजे. आजारानंतरच्या त्यांच्या गाण्यात स्वरवाक्ये आखूड झाली, मध्येच आकस्मिक उसळी येऊ लागली, विरामाला अर्थ आला. याचे कारण एक फुप्फुस निकामी झाले एवढेच सांगून अनेक जण थांबतात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. श्वास तोकडा पडल्याने वाक्य आखूड होईल. ते आखूड असूनही पूर्ण का वाटते, हे श्वासावरून कळत नाही. चार स्वरांत पूर्ण होणाऱ्या धुनेच्या सहवासाकडे त्याचे कारण शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. हा बदल केवळ नव्या रागांपुरता राहिला नाही. त्यांनी गायिलेल्या परिचित रागांतही तो ऐकू येतो, आणि निर्गुणी भजनांत तर तो सर्वांत स्पष्ट आहे. जोग्याच्या गाण्यातील फेक मैफलीच्या गायकाने उचलली आणि ती त्याच्या स्वभावाची होऊन बसली. बार्टोकच्या बाबतीत लावलेली कसोटी येथेही उतरते.

सर्वच धुनउगम राग सारख्या तोलाचे आहेत, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काही राग इतर गायकांनी उचलले, काही त्यांच्या शिष्यपरिवाराबाहेर क्वचितच ऐकू येतात. यावरून ते राग कृत्रिम ठरतात, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. एका व्यक्तीच्या रुचीतून सापडलेली वस्तू दुसऱ्याच्या रुचीला लगेच मानवेलच असे नाही. बालगंधर्वांच्या पदांवर आधारलेल्या आपल्या कार्यक्रमाला त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असे नाव दिले होते. त्या नावातील पहिला शब्द आक्षेपकांना अहंकाराचा वाटला. वास्तविक तो मर्यादेचा निर्देश आहे.

रुचीला अनुसरून नवे संगीत शोधण्याचा हा व्यवहार आज अतिशय सोपा झाला आहे. ऐकणाऱ्याच्या मागील निवडीवरून पुढचे गाणे सुचविणारी यंत्रे खिशात आली आहेत, आणि माळव्यातील कबीरगायकांपासून हंगेरीच्या खेड्यातील गाण्यापर्यंत काहीही क्षणार्धात ऐकता येते. या यंत्रांचा तर्क शार्पचा आहे: जे आवडले होते त्याच्यासारखेच आणखी आणून देणे. देवासच्या खोलीत जे कानी येई ते कोणी आवड पाहून पाठविलेले नव्हते.

या विषयावर पुढे काम करावयाचे असेल त्याने ‘मालवा की लोकधुनें’ या त्यांच्या कार्यक्रमातील गायन आणि धुनउगम रागांची त्यांचीच ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत, आणि शक्य झाल्यास माळव्यातील खेड्यांत आजही लग्नघरी म्हटली जाणारी गाणी तिसऱ्या बाजूला ठेवावीत. कोणता स्वर कोठे सुटला, कोणता थांबा राखला गेला आणि कोणता विस्तारात हरवला, हे राग-रागाला वेगळे आढळेल.