समोरचा चेहरा

बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात मराठी उंबऱ्याच्या आत राहते. बाजार हिंदीत, शाळा हिंदीत, भांडणंसुद्धा हिंदीत. मराठी सिनेमाही आमच्याकडे उंबऱ्याच्या आतच आला. रावेर-भुसावळकडचा पाहुणा येताना पिशवीत आधी कॅसेट आणायचा, पुढे सीडी. महेश कोठारे, सचिन, अशोकमामा, लक्ष्या ही सगळी मंडळी अशीच घरची झाली. थिएटरमध्ये चित्रपट एकदा पाहून माणूस निघून जातो. घरात तोच चित्रपट दिवाळीला लागतो, पाहुणे आले की लागतो, मूल तापाने पडलं असलं तरी लागतो. दहाव्यांदा पाहतानाही हसू फुटलं तरच तो विनोद खरा, असं मी मानतो.

'झपाटलेला' 1993 चा. आमच्या घरात तो या कसोटीला कित्येकदा उतरला आहे. 'झपाटलेला 2' आला 7 जून 2013 रोजी, वीस वर्षांनी, आणि तोही थ्रीडीत. तो मी पाहिला तो घरीच, डीव्हीडीवर, चष्म्याशिवाय. थ्रीडी चित्रपट घरच्या सपाट काचेवर आला की अंगावर येणारी वस्तू जागच्या जागी थांबते. ती थांबली की मागे काय उरतं ते स्वच्छ दिसतं: लेखन, नटांचा ताळमेळ, प्रसंगाची बांधणी. इथे फार थोडं उरलं होतं. दोन तास आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटलं.

दिग्दर्शक महेश कोठारे यांना तंत्राची हौस आहे म्हणून चित्रपट बिघडला, हे मला पटत नाही. मराठीत पहिला सिनेमास्कोप त्यांनीच आणला, 1990 च्या 'धडाकेबाज'मध्ये. त्याच चित्रपटात बाटलीतला गंगाराम होता. म्हणजे समोर काहीही नसताना लक्ष्मीकांत बेर्डे यांनी बाटलीकडे पाहून बोलायचं, दचकायचं, विनवायचं. तंत्र तिथेही होतंच. पण त्या तंत्रावर विश्वास ठेवणारा एक नट समोर उभा होता, म्हणून आमचाही विश्वास बसला.

'झपाटलेला'मधल्या तात्या विंचूचंही तेच. बाहुला रामदास पाध्यांचा. वडील य. के. पाध्ये यांच्याकडून आलेली बोलक्या बाहुल्यांची विद्या त्यांच्या हातात होती, आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललेली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण उसन्या कल्पनेला इथलं रक्त दिलं ते लक्ष्यानं. बाहुल्याला करता येतं ते किती? जबडा हलतो, डोळे फिरतात, मान वळते. म्हणजे भीतीही समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर उमटायला हवी आणि हसूही तिथूनच यायला हवं. आधी घशात अडकलेला आवाज, मग कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून रडवेला झालेला चेहरा, मग आईकडे धाव. 'टूर टूर'सारख्या नाटकातून रंगभूमीवर तयार झालेला तो नट होता; प्रेक्षक कुठे श्वास घेतो हे त्याला कळायचं.

लक्ष्मीकांत बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी गेले. दुसऱ्या भागात तात्या विंचू त्यांच्या पात्राच्या मुलाच्या मागे लागतो. त्या भूमिकेत आदिनाथ कोठारे. चित्रपट फसल्याचा दोष आदिनाथ यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. त्यांना नायक म्हणून लिहिलं आहे आणि देखण्या, धीट नायकासमोर बाहुला नुसता खलनायक उरतो. मकरंद अनासपुरे आहेत, पण त्यांचे विनोद बाजूला वेगळेच चाललेले असतात; बाहुल्याच्या भीतीशी त्यांची गाठ घट्ट बसत नाही. बाहुला परत आला, त्याला घाबरणारा माणूस काही लिहिला गेला नाही.

त्या रात्री भाचा म्हणाला, "मामा, वो पहलेवाला लगाओ ना." हिंदी शाळेतलं पोर, मराठी त्याला कळतं, बोलताना मात्र अडतं. जुनी सीडी लावली, चरे पडलेली, मधेच चित्राचे चौकोन व्हायचे. बाहुला अजून बोललाही नव्हता आणि पोरगं हसायला लागलं होतं. ते पाहत होतं लक्ष्याकडे.

एवढ्या उशिरा आलेले दुसरे भाग मराठीत आता बरेच झाले. 'अगं बाई अरेच्चा' 2004 चा, दुसरा 2015 चा. नाव तेच, गोष्ट निराळी, पहिल्यातली गंमत नावापुरती. 'दे धक्का' 2008 चा. 2022 मध्ये ते कुटुंब लंडनला पोचलं आणि पहिल्या प्रवासातली पैशाची ओढाताण, जिच्यामुळे ती माणसं आपली वाटली होती, ती वाटेत गळून पडली.

'नवरा माझा नवसाचा 2' बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तिथे कुणी गेलेलं नव्हतं. 2004 च्या चित्रपटातले सचिन, सुप्रिया आणि अशोक सराफ, तिघेही 2024 मध्ये हजर होते. गणपतीपुळेही तेच. बदललं ते वाहन: एसटीच्या जागी कोकण रेल्वे, आणि कंडक्टरचे अशोकमामा झाले टीसी. लोकांनी गर्दी केली, चांगलंच झालं. पण घरी पाहताना मला त्या बसची फार आठवण आली. एसटी ही एकच खोली असते. एक बोलला की चाळीस माना वळतात, आणि पुढच्या दाराशी उभा कंडक्टर त्या सगळ्यांकडे एका नजरेत पाहू शकतो. अशोकमामा अर्धं काम त्या नजरेवर करत होते. उरलेलं अर्धं मागच्या सीटवरची माणसं करत होती. टीसी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातो. तो येतो, दोन वाक्यं बोलतो, आपण हसायला सावरून बसतो, तोवर तो पुढे निघून गेलेला असतो.