‘क्रेझी कॅट’ : सर्वनामाचा प्रश्न

जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’ (१९१३–१९४४) या चित्रमालिकेतील मांजराचा निर्देश कधी पुल्लिंगी, तर कधी स्त्रीलिंगी सर्वनामाने होतो. हा लेखकाचा प्रमाद नव्हे. सर्वनाम पालटले, तरी इग्नाट्झ उंदराने फेकलेल्या विटेस प्रेमाची खूण मानणारे मन पालटत नाही. आज अशा पात्रास ‘नॉनबायनरी’ म्हणतात. ही संज्ञा उपकारक खरी, परंतु ती हेरिमन यांच्या काळची नव्हे. मराठी अनुवादकाने ‘मांजर’ या नपुंसकलिंगी शब्दाचा आश्रय केल्यास अडचण टळेल. मात्र ‘तो’ आणि ‘ती’ यांमधील येरझार लोपेल. लिंगाचा अभाव निराळा, लिंगाची अस्थिरता निराळी. नामकरणापूर्वी समीक्षकाने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे होय.