‘माटिर मणिष’ : एका ओडिया चित्रपटाचें परीक्षण

चित्रपटाचा परामर्श या त्रैमासिकांत कां, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. ‘माटिर मणिष’, म्हणजे मातीचा माणूस, हा १९६६ सालचा ओडिया चित्रपट दोन भावांच्या वाटणीच्या तंट्याचा आहे. वाटणीपत्रें, फारखती व वतनाचे महजर वाचण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस या विषयाची ओळख निराळी करून द्यावयास नको. शिवाय १७५१ पासून १८०३ पर्यंत कटक प्रांत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखालीं होता. तेव्हां तेथील कुणब्याचें घर आपणांस अगदींच परकें नाहीं.

चित्रपटाचें मूळ कालिंदीचरण पाणिग्राही यांच्या १९३१ सालच्या त्याच नांवाच्या कादंबरींत आहे. पाणिग्राही हे ‘सबुज’ मंडळींपैकीं एक असून या कादंबरीवर गांधीविचाराची छाया स्पष्ट आहे. दिग्दर्शक मृणाल सेन हे पूर्व बंगालांतील फरीदपूरचे; त्यांचा ओडिया भाषेंतील चित्रपट हा एकच. त्या वर्षींचें ओडिया चित्रपटांचें राष्ट्रीय पारितोषिक यास मिळालें.

कथानक थोडक्यांत असें. शाम प्रधान मरतेवेळीं थोरल्या मुलास, बरजूस, सांगतो कीं घर व शेत यांची वाटणी होऊं देऊं नकोस. धाकटा छकडी उथळ आहे, शेतींत त्याचें मन नाहीं. हरि मिश्र हा गांवचा कळलाव्या त्यास चिथावतो, बायको नेत्रमणी वेगळें निघण्याचा हट्ट धरते, आणि अखेर छकडी वांटा मागतो. बरजू भांडत नाहीं. सर्व कांहीं धाकट्यास सोडून बायकामुलांसह घराबाहेर पडतो. बरजूची भूमिका शरत् पूजारी यांनीं व छकडीची प्रशांत नंदा यांनीं केली आहे.

‘प्रधान’ हें नांव लक्षांत घेण्यासारखें आहे. ओडिशांत प्रधान अथवा पधान म्हणजे गांवचा मुख्य, आपल्याकडील पाटलासारखा. पाटीलकीच्या कागदांत जिनगीइतकाच तंटा वडीलपणाच्या मानाचा असतो, हें जाणत्यांस सांगणें नको. या कथेंत मात्र वडीलपण हा मान नसून भार आहे. आमच्या मतें कथेचें खरें तेज येथेंच आहे. आमच्या दप्तरांत वडीलपणासाठीं पिढ्यान्‌पिढ्या झगडणारे भाऊ पुष्कळ सांपडतात. वडीलपणामुळें घर सोडणारा क्वचितच.

परंतु या त्यागाची परीक्षा केली पाहिजे. बापाच्या आज्ञेचीं दोन अंगें आहेत : जमीन अखंड राहावी, आणि भाऊ एकत्र राहावे. बरजूनें पहिलें राखलें तें दुसरें सोडून. बांध पडला नाहीं, भिंत उठली नाहीं, तरी घर फुटलेंच. कागदाच्या भाषेंत बोलावयाचें तर वाटणीपत्र टळलें आणि त्याच्या जागीं फारखत झाली. आज्ञेचें अक्षर पाळलें गेलें, पण आशय मात्र हातचा गेला.

दुसरा मुद्दा धर्मशास्त्राचा. ओडिशांत बंगालप्रमाणें जीमूतवाहनाचा दायभाग चालत नसून मिताक्षरा चालते. ती विज्ञानेश्वरानें आपल्या दक्षिणेंतच, कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें लिहिली. तिच्या मतें वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. तेव्हां छकडीची मागणी पाप नव्हे. बापाच्या अंतकाळच्या शब्दानें ती बुडत नाहीं. आणि तोच नियम दुसऱ्या बाजूसही लागतो. बरजू घर सोडतो तेव्हां त्याच्या लेकरांचाही वांटा मागें राहतो. त्यांस कोणीं विचारलें? त्यागाच्या कथा सांगणारांनीं हा प्रश्न विचारण्याचें बहुधा टाळलें आहे; या कथेंतही तो दबून जातो.

सर्वांत मोठा दोष कारणमीमांसेंत दिसतो. घर फुटण्याचें खापर कथा एका लबाड माणसाच्या व एका सुनेच्या माथीं फोडते. जुन्या कागदांत कारणें याहून रूक्ष असतात : कर्ज, साऱ्याची बाकी, वाढलेलीं तोंडें व न वाढलेली जमीन. बायकांचा शब्द तर त्यांत क्वचितच उतरतो. ज्याची नोंदच नाहीं त्याच्यावर दोष ठेवणें सोपें असतें. म्हणून ‘माटिर मणिष’ हा कुळंब्याच्या अर्थस्थितीचा पुरावा म्हणून घेतां येणार नाहीं. १९३१ सालचा सुशिक्षित ओडिया मनुष्य आपल्या खेड्याकडून काय अपेक्षीत होता, आणि १९६६ सालीं ती अपेक्षा पडद्यावर मांडण्याजोगी कां वाटली, याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे. पुराव्याची जात ओळखली म्हणजे त्याची किंमत कमी होत नाहीं, उलट ठरते.

येथें एक योग नमूद करण्यासारखा आहे. कालिंदीचरणांचे धाकटे बंधु भगवतीचरण हे ओडिशांतील कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकीं. १९४३ सालीं ते वारले. त्यांच्या ‘शिकार’ या कथेवरून सेन यांनींच १९७६ सालीं ‘मृगया’ हा हिंदी चित्रपट काढला. थोरल्याच्या कथेंत अन्याय सोसून वाट सोडली जाते. धाकट्याच्या कथेंत अन्याय करणाराचें शिर उतरलें जातें. एका घरच्या दोन लेखण्यांतील हा मतभेद कोणा अभ्यासकानें शेजारीं शेजारीं ठेवून तपासावा. छकडीची बाजू कदाचित् तेथेंच अधिक कळेल.

शेवटीं संग्राहकांस विनंति. चित्रपटाची फीत हीही एक पोथीच आहे. उष्मा व दमटपणा यांनीं ती कागदाहून लवकर जाते, आणि तिच्या प्रतीही पोथीहून थोड्या. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रह स्थापन झाला, तो याच जाणिवेनें. ज्यांच्या संग्रहीं जुन्या चित्रपटांच्या संहिता, गीतपुस्तिका वा जाहिराती पडून असतील, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां जपाव्या. मूळ कादंबरीशीं पडद्यावरील पाठ ताडून पाहण्याचें काम उद्यां कोणीतरी हातीं घेईल. त्यास साधन उरलें पाहिजे.