बँडचं नाव झाकून वाचा

चला, आधी एक खेळ खेळूया. पुढचा रिव्ह्यू वाचा. तो कुणा एकाचा नाही. अभ्यासासाठी असे ढीगभर रिव्ह्यू वाचून झाल्यावर मीच तो जुळवलाय.

'मुंबईच्या या चौघांनी पुन्हा एकदा दणका दिलाय! पहिल्या सेकंदापासून मान हलवायला लावणारे रिफ, मशीनगनसारखे ड्रम्स आणि थेट पाताळातून आलेला आवाज. प्रॉडक्शन एकदम इंटरनॅशनल. आपल्या सीनला अशाच बँडची गरज आहे. सपोर्ट करा!'

सांगा बघू, बँड कोणता? नाही सांगता येणार. मुंबईच्या जागी पुणे टाका, शिलाँग टाका, चौघांचे पाच करा, काही बिघडत नाही. नाव झाकल्यावर जो कोणत्याही बँडला बसतो, तो रिव्ह्यू नसतो, ते शुभेच्छापत्र असतं. हे मी तोऱ्यात म्हणत नाहीये बरं का. अशी शुभेच्छापत्रं मी स्वतः तीन वर्षं लिहिली आहेत. त्यातल्या एकाबद्दल आज सांगायचंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मुंबई-पुण्याच्या स्वतंत्र रॉक आणि मेटल बँडबद्दल लिहिलं कसं जातं, हा माझ्या पीएचडीचा विषय. 'स्वतंत्र' म्हणजे मागे कंपनी नाही. जॅमरूमचं भाडं, स्टुडिओचा खर्च, टी-शर्टची छपाई, सगळं स्वतःच्या खिशातून. माझी आत्या हे ऐकून म्हणाली, "म्हणजे गाणं पण नाही, गाण्याबद्दलच्या गप्पा?" हो आत्या, गप्पाच. पण जे गाणं रेडिओवर लागत नाही आणि लग्नात वाजत नाही, ते लोकांपर्यंत पोचतं ते या गप्पांमधूनच.

सगळे गोडच का लिहितात?

पहिलं उत्तर सोपं आहे: ओळखीपाळखी. सीन एवढासा. आज ज्याच्या अल्बमवर लिहायचं, तो उद्या गिगच्या दारात तिकिटं फाडत उभा असतो आणि परवा तुमच्या मित्राच्या बँडमध्ये बास वाजवतो.

पण हे उत्तर अर्धंच आहे. कीथ कान-हॅरिस या अभ्यासकाचं 'एक्स्ट्रीम मेटल' नावाचं पुस्तक २००७ मध्ये आलं. त्यात तो म्हणतो की या जगात मान मिळवायचे दोन रस्ते असतात. एक बंडखोरीचा: सगळ्यांपेक्षा वेगळं, टोकाचं काही करायचं. दुसरा रोजच्या राबण्याचा: गिग भरवायचे, डेमो ऐकायचे, पोस्टर चिकटवायचे, रिव्ह्यू लिहायचे. या दुसऱ्या प्रकारचा मान 'हा आपला माणूस, सीनसाठी झटतो' असं म्हणवून घेण्यात असतो. आता विचार करा, असं झटूनच ज्याला मान मिळालाय, तो 'तिसरं गाणं कंटाळवाणं आहे' असं कशाला लिहील? एका वाक्यात वर्षभराची कमाई जायची.

सारा थॉर्नटनने १९९५ च्या 'क्लब कल्चर्स'मध्ये माध्यमांचे तीन थर सांगितलेत. सगळ्यात खाली हातोहात वाटलेली पत्रकं, मध्ये संगीताची खास मासिकं, वर वर्तमानपत्रं आणि टीव्ही. पत्रक जाहिरात करतं, मासिक पारख करतं. आपल्याकडे गंमत अशी की खालचे दोन थर एकच माणूस चालवतो, तेही नोकरीवरून आल्यावर, रात्री अकराला. पत्रक कुठे संपलं आणि पारख कुठे सुरू झाली, हे त्याचं त्यालाच कळत नाही.

पूर्वी रिव्ह्यूचं काम वेगळं होतं

'इंडिपेन्डन्स रॉक' १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाला. धोबीतलावच्या रंगभवनात तो ज्यांनी पाहिला, ते आजही त्याच्याबद्दल आजोळच्या घरासारखं बोलतात. (पुढे रुग्णालयं आणि शाळांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवन या मैफलींना बंद झालं.) आणि १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं ते मुंबईहून नाही, दिल्लीहून नाही, चक्क अलाहाबादहून.

त्या काळी वाचणाऱ्याला गाणं ऐकायची सोय नव्हती. कॅसेट मागवायची की नाही, हे वाचूनच ठरवायचं. त्यामुळे रिव्ह्यूला सांगावं लागायचं की बाबा रे, हे ऐकायला असं असं आहे. आज रिव्ह्यूखाली लिंक असते. ऐकायला कसं आहे, हे कुणालाही दहा सेकंदांत कळतं. मग लिहिणाऱ्याने काय सांगायचं? माझ्या मते तीनच गोष्टी: कान कुठे लावायचा, हे आलंय कुठून, आणि कुठे कमी पडलंय. आणि नेमक्या याच तीन गोष्टी आपल्या रिव्ह्यूंमध्ये सापडत नाहीत.

माझं शुभेच्छापत्र

आता माझी गोष्ट. बँडचं नाव देत नाही. तशी अट होती.

पाच गाण्यांचा ईपी होता. मी तो तीनदा नीट ऐकला. बास ऐकूच येत नव्हता. डबल बास ड्रमचा आवाज टाइपरायटरसारखा टकटक वाजत होता. चार गाणी ठीकठाक, आधी कुठेतरी ऐकल्यासारखी. पण चौथ्या गाण्याच्या मध्यावर गायकाने इंग्रजी सोडली आणि दोन ओळी मराठीत गुरगुरला. शेताच्या बांधावरून भांडणारी म्हातारी शाप देते ना, तशा. अंगावर सरसरून काटा आला. मराठीतली जोडाक्षरं त्या आवाजात दगडासारखी फुटत होती.

मी काय लिहिलं? 'प्रॉडक्शन इंटरनॅशनल.' पाचपैकी चार. बासबद्दल एक शब्द नाही. त्या दोन ओळींबद्दलही नाही, कारण रिव्ह्यू रात्रीत उरकायचा होता आणि 'सगळीच गाणी दमदार' लिहिलं की काम भागत होतं. शिवाय ड्रमर माझा मित्र. गिग संपल्यावर शेवटची लोकल चुकू नये म्हणून तो मला बाइकवरून स्टेशनला सोडायचा.

काही वर्षांनी प्रबंधासाठी त्याचीच मुलाखत घ्यायला बसले. बँड तोवर बंद झाला होता. चहा आला. तो म्हणाला, "तुझा रिव्ह्यू प्रिंट काढून जॅमरूमच्या भिंतीवर लावला होता आम्ही. तू मिक्स भारी म्हणालीस, म्हणून पुढचा अल्बमही त्याच माणसाकडे केला. सगळ्यांचे साठवलेले पैसे त्यात गेले. तो पण तसाच झाला, टकटक."

मी गप्प. मग तो म्हणाला, "आणि ते मराठीचं… त्याच्यावर कुणीच काही बोललं नाही. आम्हाला वाटलं, फसलं. परत नाही केलं. तू ऐकलं होतंस का ते?"

"हो."

"आवडलं होतं?"

"ईपीमधलं तेवढंच आवडलं होतं."

त्याने कप खाली ठेवला. "अगं, मग सांगायचंस ना."

माझ्या रिव्ह्यूमुळे बँड बंद पडला, असं मी म्हणत नाही. दोघांच्या बदल्या झाल्या, एकाचं लग्न झालं, बँड अशानेही बंद पडतात. पण गोड लिहिलं तर निदान कुणाचं नुकसान होत नाही, ही माझी समजूत त्या चहाबरोबर संपली. वाईटाचं कौतुक केल्याने जेवढं बिघडलं, त्याहून जास्त बिघडलं ते चांगलं काय आहे हे न सांगितल्याने.

म्हणजे झोडपायचं का?

नाही. झोडपण्याचंही नाव झाकून बघा, 'रटाळ, उसनं, वेळेचा अपव्यय' हेसुद्धा कोणालाही बसतं.

आणि प्रसिद्धीची गरज खोटी नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत १००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्याचे पैसेच मिळत नाहीत. लहान बँडची कितीतरी गाणी त्या रेषेखाली राहतात. याउलट बँडकॅम्पवर कुणी अल्बम विकत घेतला, तर साइट साधारण १५ टक्के कापते, वर पैसे पाठवण्याचा खर्च जातो, उरलेले बँडला. म्हणजे विकत घेणारा एक माणूस फुकट ऐकणाऱ्या शेकडोंपेक्षा जड. त्या एका माणसाला शोधून आणणं हे मोलाचं काम आहे. पण त्याला विशेषणं लागत नाहीत. अल्बम कुठे मिळतो, केवढ्याला, पुढचा गिग कधी, तिकीट किती, परत जायला शेवटची गाडी किती वाजता: ही खरी प्रसिद्धी. ती चौकटीत वेगळी द्या. मग उरलेल्या जागेत खरं बोलायला मोकळे.

मग कसं लिहायचं?

उदाहरण घेऊ. मुंबईच्या 'स्क्राइब'चा २०१० चा अल्बम 'मार्क ऑफ तेजा'. जर्मनीत बसलेला समीक्षक यातल्या गिटारींबद्दल माझ्यापेक्षा चांगलं लिहील. पण 'मार्क इधर है' म्हणणारा तेजा कोण, आणि 'अंदाज अपना अपना'चं नाव काढलं की आपल्याकडे पोरं का फिदीफिदी हसतात, हे त्याला कोण सांगणार? ज्या बँडने पावभाजीवरच्या प्रेमाला गाण्याचं शीर्षक केलं, त्याचा राग आणि त्याचा विनोद एकाच स्टेशनवर चढतात, हे इथल्याच माणसाने लिहायचं असतं. 'भयानक मौत' हे नाव वाचताना केबलवर रात्री लागणारे भयपट आठवणं, हीसुद्धा समीक्षेची माहिती आहे. आपण मात्र ते सोडून 'इंटरनॅशनल दर्जा' शोधत बसतो.

आणि कमी कुठे पडलं, हेही याच जागेवरून सांगता येतं. 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा २००० साली साहिल मखिजाने मुंबईत सुरू केलेला बँड. २०१७ चा त्यांचा 'दशावतार' हा अल्बम दहा गाण्यांचा, एकेका अवताराला एकेक गाणं. कल्पना भक्कम, वाजवणं कसलेलं. सतार-तबल्यासारखी वाद्यं वेगवान ड्रम्सशेजारी येतात तेव्हा ती केवळ सजावट वाटत नाहीत. पण माझं मत विचाराल तर, गुरगुरत्या कडव्यानंतर स्वच्छ, लांब सुरांचं धृपद हा साचा इतक्यांदा येतो की मत्स्य आणि परशुराम यांच्या स्वभावातला फरक पुसट होतो.

कोकणातलं दशावतारी नाटक पाहिलेल्याला आणखी एक गोष्ट खटकेल. तिथे आख्यानाआधी, आडदशावतारात, वेद पळवणारा संकासुर येतो. काळा वेश, मालवणी बोली, आणि मारला जाण्याआधी सगळ्या गावाला हसवून जातो. गंभीर गोष्टीच्या दारात हसणारा असुर उभा करायची ही युक्ती आपल्या मातीतली. अल्बममध्ये देव आहेत, युद्ध आहे, भव्यता आहे. संकासुर कुठे आहे? मेटलमध्ये त्याला जागा नसते असं म्हणू नका. तेजाला मिळालीच की.

हे पटेल न पटेल. पण बँडचं नाव झाकून बघा. दुसऱ्या कुणाला हा परिच्छेद बसणार नाही, आणि बँडला वाद घालायचा असेल तर घालायला काहीतरी आहे.

जाता जाता

त्या ईपीचा रिव्ह्यू मी पुन्हा लिहिला. छापायला नाही, ड्रमरला पाठवायला. बास ऐकू येत नाही, हे पहिल्याच ओळीत. टाइपरायटर दुसऱ्या ओळीत. उरलेली दोन पानं त्या दोन मराठी ओळींवर. त्याने दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग एक ऑडिओ फाइल आली, फोनवर रेकॉर्ड केलेली, मागे पंख्याचा आवाज. तोच गायक, तीच शापवाणी, आता दोन ओळींच्या जागी आठ. खाली लिहिलं होतं, "फक्त ऐक. रिव्ह्यू नको."

ऐकली. लिहिणार नाही, शब्द दिलाय. पण तुम्ही येत्या शनिवारी कुठल्या गिगला जाणार असाल, तर घरी येऊन तीन ओळी लिहा. मग बँडचं नाव अंगठ्याखाली झाका आणि वाचून बघा. ओळखू आला तर त्यांना पाठवा. नाही आला तर पुन्हा लिहा.