न पाहिलेल्या विजयाच्या आठवणी

आठवणी या वाङ्मयप्रकाराची मराठी टीकाकारांनी उपेक्षा केली, असे कोणास म्हणता येणार नाही. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर पाव शतकाच्या आत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग निघाला. आणि तेव्हापासून आजतागायत या दोन ग्रंथांवर आमच्या वर्गांतून, परिसंवादांतून व उत्तरपत्रिकांतून जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी दुसऱ्या कशावर क्वचितच पडली असेल. परंतु ज्या आठवणी कोणी लिहून काढीत नाही, चार मित्र जमले म्हणजेच ज्या सांगितल्या जातात आणि सांगता सांगता ज्यांचे रूप पालटत जाते, त्यांच्याकडे टीकाकाराची दृष्टी सहसा वळत नाही. त्यातून त्या एखाद्या जिंकलेल्या सामन्याच्या असल्या तर विचारावयासच नको. त्यांना आपण 'गप्पा' म्हणतो आणि उठून आपल्या कामास लागतो. मीही परवापरवापर्यंत हेच करीत आलो.

गेल्या श्रावणात मळवलीस होतो. पुणे-लोणावळे मार्गावर कामशेत मागे पडले की मळवलीचे स्टेशन येते. एका अंगास कार्ले, दुसऱ्या अंगास भाजे, आणि माथ्यावर लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले. माझा भाचा आपल्या तीन मित्रांसह मुंबईहून लोहगड चढावयास म्हणून आला होता. पावसाने तो बेत हाणून पाडला. खाचरांतला भात पाण्यात डोलत होता, डोंगर ढगांत बुडाले होते, आणि पस्तिशीच्या घरातील हे चार गृहस्थ ओसरीवर बसून कांदाभज्यांचा फन्ना उडवीत एका फुटबॉलच्या सामन्याविषयी बोलत होते. प्रथम मी कंटाळून ऐकत होतो. नंतर हातातले पुस्तक मिटले.

सामना १३ मार्च २०२१ चा. त्या वर्षी इंडियन सुपर लीगची सारी स्पर्धा साथीच्या भयाने गोव्यात, बंद दरवाजांआड खेळविली गेली. मडगावच्या फातोर्डा मैदानावर मुंबई सिटी व एटीके मोहन बागान यांची अंतिम गाठ पडली. १८ व्या मिनिटास डेव्हिड विल्यम्सने मुंबईवर गोल चढविला. २९ व्या मिनिटास बागानच्याच तिरी नावाच्या बचावपटूचा चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला. आणि ९० व्या मिनिटास, जादा खेळ आता अटळ असे सर्वांस वाटत असता, मणिपूरच्या बिपिन सिंगने विजयाचा गोल केला. दोनास एक. २०१४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या संघाने हा करंडक प्रथमच जिंकला, आणि साखळी सामन्यांतील अग्रस्थानाची ढालही त्याच मोसमात त्याने मिळविली होती. एवढी वस्तुस्थिती वाचकांस पुरे आहे.

माझे मन अडले ते एका विलक्षण गोष्टीवर. हे चौघे तो विजय डोळ्यांपुढे उभा करीत होते, पण त्यांपैकी एकही मैदानावर नव्हता. मैदानावर कोणीच नव्हते! फातोर्ड्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या गोवेकरालादेखील आत पाऊल टाकता आले नाही. आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी माणसे प्राध्यापक दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशा लागोपाठ दोन मोसमांत रणजी करंडक जिंकल्याचे सांगत. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. तेव्हा त्या कथेत पुणेकरांस क्रिकेट आणि विद्वत्ता अशा दोहोंचा अभिमान एकाच घासात मिळे. त्या कथेचा आरंभ ठरलेला असे: 'मी तेथे होतो.' कोठे बसलो होतो, शेजारी कोण होते, उन्हाने डोके कसे तापले होते, हे आधी, मग धावा. सांगणाऱ्याचा सारा अधिकार त्या बसलेल्या जागेवर उभा असे. ती जागाच काढून घेतली तर आठवण म्हणून काय उरते?

चौघांपैकी पहिला हिशेबतपासनीस. त्याच्याजवळ सर्व आकडे होते, आणि ते बिनचूक होते. पण त्याचे सांगणे ऐकताना एखाद्या बँकेच्या पासबुकाचे वाचन चालले आहे असे वाटे. दुसरा जाहिरातीच्या धंद्यातला, बोलण्यात चतुर. त्याने शेवटचा गोल सांगितला तो थेट इंग्रजी समालोचकाच्या शब्दांत आणि त्याच्याच चढत्या स्वरात. उंच आलेला चेंडू, गोलरक्षकाचे पुढे धावणे, ऑगबेचेने तो चेंडू हस्तगत करणे, मग बिपिन! वर्णन ठसठशीत होते, परंतु ते त्याचे नव्हते. तो गोल त्याने पडद्यावर पुढे पन्नास वेळा पाहिला असेल, आणि या पन्नास दर्शनांखाली त्याचे पहिले दर्शन गाडले गेले आहे. आजच्या आठवणींचे हे एक नवे दुखणे आहे. पूर्वी विस्मृती आठवणीस खाई, आता पुनरावृत्ती खाते.

तरीही या मंडळींच्या बोलण्यात दोन जागा अशा आल्या, की तेथे मी टीकाकार म्हणून सावरून बसलो. पहिली जाहूविषयीची. अहमद जाहू हा मोरोक्कोचा मध्यरक्षक. पहिला गोल बागानला मिळाला तो त्याच्या पायांतून चेंडू निसटल्यामुळे. आणि बरोबरी साधली गेली ती त्यानेच फेकलेल्या लांब चेंडूवरून. हा मनुष्य अपराधी की तारणहार, यावर चौघांत अर्धा तास वाद झाला. भाचा म्हणाला, "मामा, चूक त्याचीच होती, पण पुढचा चेंडू मागायला तोच आला." या वाक्यात मला एका पात्राचे दर्शन घडले. स्वभावचित्रण म्हणून आमच्या कादंबरीकारांच्या पुष्कळशा पानांहून ते सरस होते.

दुसरी जागा अमेय रानवडेची. हा मुंबईचा मराठी मुलगा त्या दिवशी उजव्या बगलेवर खेळत होता. मध्यंतर जवळ आले असता टक्कर होऊन त्याच्या डोक्यास जबर मार बसला, खेळ थांबला, आणि रुग्णवाहिका मैदानात आणून त्याला न्यावे लागले. (पुढे तो बरा झाला आणि पुन्हा खेळू लागला.) येथे येताच चौघांचाही आवाज उतरला. हिशेबतपासनीसाचे आकडे थांबले, चतुर गृहस्थाचे इंग्रजी थांबले. रिकाम्या स्टेडियममध्ये त्या वेळी केवढी शांतता होती, हे प्रत्येकाने निराळ्या रीतीने सांगितले. हजारो प्रेक्षक असते तर त्यांच्या कोलाहलात ती शांतता ऐकू आली नसती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तिसरा गृहस्थ शाळेत शिक्षक आहे. तो आतापर्यंत गप्प होता. त्याला बोलते केले तेव्हा चतुर मित्राने हसत टोकले, "अरे, तू तर पाहिलाच नाहीस!" आणि ते खरे होते. त्या संध्याकाळी त्याचे वडील इस्पितळात होते. नातेवाइकांस आत सोडीत नसत; म्हणून तो बाहेरच्या पायरीवर बसला होता. फोनमध्ये थोडीच वीज उरली होती आणि ती आतून येणाऱ्या निरोपासाठी राखून ठेवावयाची होती. त्यामुळे सामना पाहण्याचा प्रश्नच नव्हता. मित्रांना त्याने बजावले होते की काही कळवू नका. रात्री फोन खणाणला. तो म्हणाला, "सर, मला वाटलं, वॉर्डातून आहे. हातच उचलेना. मग पाहिलं तर यानं एकच शब्द पाठवला होता: जिंकलो."

यापलीकडे त्याच्याजवळ सामन्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हते. गोल कसा झाला हे त्याने पुढेही पाहिले नाही म्हणे. मित्रांच्या मते ही सामन्याची आठवण नव्हेच. माझा निर्णय त्यांच्या विरुद्ध आहे. चौघांच्या चार कथनांत ही एकच अशी होती की जी दुसऱ्या कोणाची असू शकत नाही. आणि चांगल्या आठवणीची माझ्यापुरती कसोटी आता हीच आहे. घटना घडत असता सांगणारा कोठे होता, हे आमच्या वडीलधाऱ्यांचे पहिले वाक्य बरोबरच होते. चूक माझी, की ती जागा मैदानातच असावी लागते असे मी धरून चाललो.

या ठिकाणी मला कलकत्त्याचा सामना आठवतो. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात पराभव केला. योगायोग असा की तेथेही गुण दोनास एकच, तेथेही प्रथम गोल चढला तो पुढे हरणाऱ्यांचा, आणि तेथेही विजयाचा गोल अखेरच्या मिनिटांतला. शिबदास भादुरींनी बरोबरी केली आणि अभिलाष घोषांनी बाजी मारली. एकशेदहा वर्षांनी त्याच बागानच्या वारसांवर तोच डाव उलटला. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. त्या दिवशी मैदानावर लोटलेल्या अफाट गर्दीतील बहुतेकांस खेळ दिसलाच नाही. दूरच्यांना गोलांची संख्या कळावी म्हणून पतंग उडविण्यात आले, असे अनेक वृत्तांतांत येते. अनवाणी पायांच्या त्या विजयाच्या ज्या आठवणी बंगाली घरांतून पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या, त्यांतील कितीतरी मुळात आकाशातील एका पतंगाच्या आठवणी असतील! आमच्या शिक्षकाचा एकशब्दी निरोप त्या पतंगाच्या जातीचा आहे.

याच १९११ च्या सामन्याभोवती एक आख्यायिका जमली आहे. सामन्यानंतर कोणी एका वृद्धाने फोर्ट विल्यमवरील ब्रिटिश निशाणाकडे बोट दाखवून ते कधी उतरणार असे विचारले, आणि उत्तर मिळाले की बागान पुन्हा शील्ड जिंकेल तेव्हा. बागानने शील्ड पुन्हा जिंकली ती १९४७ साली. गोष्ट सुंदर आहे, आणि म्हणूनच मला तिच्यावर विश्वास ठेवणे जड जाते. जी आठवण इतकी रेखीव होते, तिच्यातून सांगणारा पार नाहीसा झालेला असतो. तो वृद्ध कोणाचा आजा होता, घरी कसा गेला, वाटेत त्याला भूक लागली होती काय, हे कोणीच सांगत नाही.

अशा संघाला 'आपला' म्हणणे कितपत योग्य, अशीही शंका मी त्या मंडळींपुढे काढली; कारण २०१९ साली त्याची बहुसंख्य मालकी मँचेस्टर सिटीच्या धनिक समूहाने विकत घेतली होती, आणि खेळाडू मोरोक्को, नायजेरिया, मणिपूर अशा दाही दिशांचे. त्यांनी माझ्याकडे ज्या दयाबुद्धीने पाहिले ती पाहून मी ती शंका परत खिशात घातली. ४ मे २०२४ रोजी हाच संघ कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, तुडुंब भरलेल्या गर्दीपुढे, त्याच प्रतिस्पर्ध्यावर तीन विरुद्ध एक असा विजयी झाला. त्यांतील एक जण त्या वेळी तेथे हजर होता. त्याने तो सामना पाच मिनिटांत सांगून संपविला.

पाऊस उघडला तेव्हा दिवेलागण झाली होती. भाच्याने शिक्षकास विचारले, "काकांना सांगितलं होतंस का रे?"

"दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नसे. म्हणाले, किती विकेटांनी?"

चौघेही हसले. तोही हसला. मग लोणावळ्याहून येणारी लोकल चुकू नये म्हणून ते लगबगीने स्टेशनाकडे निघाले, आणि फाटकापर्यंत गोल ८९ व्या मिनिटाचा की ९० व्या, यावर त्यांचा वाद चाललेला मला ऐकू येत होता.