संगतीविना बंध : शालेय वैचारिक निबंधाच्या घाटाविषयी

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा विषय मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या लिहिला गेला आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक प्रत्येक वहीत एकच असते. विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे. ते शाप ठरणार की वरदान, हे वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. या उत्तरात चूक काढण्यासारखे काही नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, ते निबंध लिहिण्यापूर्वीच ठरलेले असते आणि मधल्या तीन-चार परिच्छेदांनी लेखकाला त्याच्या जवळ नेलेले नसते की दूर सारलेले नसते. आगगाडी, वीज, शस्त्रक्रिया एका बाजूस. हिरोशिमा, भोपाळ, प्रदूषण दुसऱ्या बाजूस. विजेच्या आधी शस्त्रक्रिया आणावी, शाप आधी सांगून वरदान मागाहून सांगावे. काहीही बिघडत नाही. घटकांच्या जागा बदलूनही अर्थ तसाच राहत असेल, तर तेथे रचना आहे असे कोणत्या आधारावर म्हणावयाचे? हा प्रश्न मराठी समीक्षेने शालेय निबंधाच्या संदर्भात क्वचितच विचारला आहे. वाङ्मयप्रकार म्हणून निबंधाचा विचार होतो तेव्हा दृष्टी ‘निबंधमाले’कडे, ‘सुधारका’कडे आणि तेथून लघुनिबंधाकडे वळते, शाळेतला निबंध अध्यापनपद्धतीच्या खात्यावर टाकला जातो. वस्तुतः मराठीत विचार मांडण्याचे शिक्षण बहुसंख्य लोकांना मिळते ते या एकाच प्रकारातून.

शालेय निबंधाचे वर्णनात्मक, आत्मकथनात्मक, कल्पनाप्रधान आणि वैचारिक असे प्रकार सर्वपरिचित आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंत क्रमाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पडक्या किल्ल्याच्या मनोगताला उभारणी, वैभव आणि पडझड असा काळाचा कणा आयताच मिळतो. जत्रेच्या वर्णनाला वेशीपासून देवळापर्यंतची वाट मिळते. वैचारिक निबंधाला असा कणा विषयाकडून मिळत नाही. त्याचा क्रम तर्कातून निर्माण करावा लागतो आणि नेमक्या याच ठिकाणी अध्यापन हात आखडता घेते. ‘प्रस्तावना, मुद्दे, समारोप’ हा आराखडा विद्यार्थ्याच्या हाती ठेवला जातो; परीक्षेत तर मुद्देही छापून येतात. प्रस्तावना आधी आणि समारोप शेवटी असतो, एवढाच त्यातला क्रम. मुद्द्यांचा परस्परांशी संबंध काय, याविषयी आराखडा मूक असतो.

रोमान याकोबसनने भाषाव्यवहारातील निवडीचा अक्ष आणि जुळणीचा अक्ष यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. निवड समतुल्य घटकांतून होते, तर जुळणी घटकांना एकापुढे एक ठेवून त्यांच्यात अन्वय निर्माण करते. समतुल्यतेचे तत्त्व निवडीच्या अक्षावरून जुळणीच्या अक्षावर आणणे हे त्याच्या मते भाषेच्या काव्यात्म कार्याचे लक्षण होय. १९६०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधातील हे विधान आता साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. मुद्द्यांच्या आराखड्यावर बेतलेला वैचारिक निबंध अजाणता हेच करतो. आगगाडी, वीज आणि शस्त्रक्रिया हे परस्परांचे पर्याय आहेत. तिन्ही मिळून ‘वरदान’ या एकाच पदाचे तीन पर्याय होतात आणि ते ओळीने म्हटले जातात. अशा निबंधाचे नाते प्रतिपादनापेक्षा स्तोत्राशी अधिक जवळचे असते. शालेय निबंध सुभाषिताने उघडतो, सुविचाराने मिटतो आणि मध्ये यमकांची व अनुप्रासांची हौस भागवून घेतो, याचे कारण विद्यार्थ्याच्या बाळबोध अभिरुचीत शोधण्याची गरज नाही. ज्या गद्याला पुढे जाण्यासाठी तर्क दिलेला नाही, ते पुनरावृत्तीच्या आणि नादाच्या आधाराने पुढे जाते. अलंकार तेथे सजावटीसाठी आलेले नसतात. सांधे जोडण्याचे काम त्यांच्यावर येऊन पडलेले असते.

‘निबंध’ हा शब्द या बाबतीत काही सुचवतो. इंग्रजी शब्दामागे ‘प्रयत्न’ हा अर्थ आहे, तो १५८० साली माँतेन्यने आपल्या लेखांना दिलेल्या फ्रेंच नावातून आला. संस्कृत परंपरेत मात्र निबंध म्हणजे बांधणे; कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ किंवा काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ हे निबंधग्रंथ होत. विखुरलेली वचने एकत्र आणून, त्यांच्यातील विरोध सोडवून, निर्णयापर्यंत जाणे हे त्यांचे काम. धर्मशास्त्राच्या आशयाशी आज कोणी सहमत असो वा नसो, बांधणीविषयीची त्या परंपरेची जाणीव मोलाची आहे. मीमांसेतील अधिकरणाची मुख्य अंगे पाहावीत : विषय, त्याविषयीचा संशय, पूर्वपक्ष आणि सिद्धांत. एका अधिकरणानंतर दुसरे का आले, याचेही कारण द्यावे लागे आणि त्या कारणाला ‘संगती’ असे नाव होते. शालेय आराखड्यात विषय आहे आणि एका अर्थी सिद्धांतही आहे. गळाले आहेत ते संशय आणि पूर्वपक्ष आणि त्यांच्याबरोबर संगतीही गेली. संशय नसेल तर दुसऱ्या परिच्छेदाची गरज उत्पन्नच होत नाही. तो केवळ ‘तसेच’ या अव्ययाच्या बळावर येतो. (मराठी शालेय गद्यातून ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ हे दोन शब्द वगळले तर किती निबंध उभे राहतील, हा प्रयोग एखाद्या संशोधकाने करून पाहावा.)

हा तुटलेला सांधा एकोणिसाव्या शतकात कोठे होता, हे पाहण्यासारखे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे पुण्याच्या आणि रत्नागिरीच्या सरकारी शाळांतले शिक्षक. १८७४ पासून सात वर्षे, चौऱ्याऐंशी अंकांतून त्यांनी ‘निबंधमाला’ चालवली. मालेतील निबंधांची गती प्रतिपक्षामुळे निर्माण होते. कोणी तरी काही म्हटलेले असते, ते उभे करून त्यावर शास्त्रीबोवा तुटून पडतात. वाक्ये लांबतात, विषयांतरे होतात, तरी वाचक सुटत नाही, कारण वाद कोठे पोचला आहे हे त्याला ठाऊक असते. पूर्वपक्षाशी ते न्यायाने वागतात असे मात्र म्हणता येत नाही. लोकहितवादींवरील आणि जोतीराव फुल्यांवरील टीकेत प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या बळकट रूपात क्वचितच मांडलेले दिसते. फुल्यांच्या बाबतीत तर उपहासाचा मोठा रोख त्यांच्या भाषेच्या अशुद्धतेवरच होता.

याच ठिकाणी मराठी निबंधाच्या अध्यापनाला एक वळण लागले असे म्हणावेसे वाटते. १८७३ सालची ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडीराव यांच्या संवादाच्या रूपात लिहिली आहे. धोंडीराव विचारतो म्हणून पुढचा भाग येतो. त्याची शंका फिटली नाही तर तो पुन्हा विचारतो. प्रत्येक विभागाच्या अस्तित्वाचे कारण संहितेतच नोंदलेले असते. संगतीची याहून उघड व्यवस्था मराठीच्या आरंभीच्या वैचारिक गद्यात क्वचितच सापडेल. फुल्यांची ऐतिहासिक प्रमेये आज सर्वस्वी मान्य होतील असे नाही. पण हा प्रश्न आशयाचा नसून घाटाचा आहे. ‘माला’कारांची नजर व्याकरणावर गेली आणि घाटावरून घसरली. त्यानंतर शालेय तपासणीची लाल शाई ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि हस्ताक्षर यांभोवतीच अधिक फिरत राहिली, हा योगायोग मानावा की वारसा, यावर मतभेद होऊ शकेल. परिच्छेदाच्या जागेबद्दल शेरा असलेली वही विरळाच. आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केला आणि त्याच वर्षी त्यांची ‘वाक्यमीमांसा’ही प्रसिद्ध झाली. वाक्यातील पदांचा अन्वय लावणारी ती दृष्टी परिच्छेदांच्या अन्वयापर्यंत नेणारे ‘निबंधमीमांसे’चे पुस्तक मात्र शाळेपर्यंत पोचले नाही.

सुसंगत बांधणी म्हणजे प्रत्यक्षात काय, हे ‘दुष्काळ’ या दुसऱ्या नेहमीच्या विषयावर पाहता येईल. त्याचा प्रचलित आराखडा कारणे, परिणाम आणि उपाय असा आहे. कारणांत अपुरा पाऊस, वृक्षतोड आणि लोकसंख्यावाढ. परिणामांत धान्यटंचाई, स्थलांतर, गुरांचे हाल. उपायांत ‘झाडे लावा’, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ आणि शासनाची मदत. हे तीन कप्पे एकमेकांकडे पाहतही नाहीत. लोकसंख्यावाढ कारणांत येते आणि उपायांत नाहीशी होते. शासनाची मदत उपायांत येते, पण ती कोणत्या कारणावर लागू पडते हे कोणीच सांगत नाही.

आता हाच निबंध एका संशयापासून सुरू होतो असे मानावे. दुष्काळ म्हणजे धान्य नसणे, की धान्य विकत घेण्यास लागणारी मजुरी बुडणे? पाऊस गेला की कोरडवाहू शेतातले काम जाते. कामाबरोबर रोज जातो. मग दुकानात ज्वारी असली तरी शेतमजुराच्या घरी ती येत नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली बंगालच्या १९४३च्या दुष्काळाच्या विवेचनात हा भेद सिद्धांताच्या पातळीवर मांडला; महाराष्ट्राने तो १९७२च्या दुष्काळात कामांच्या रूपाने अनुभवला होता. संशयाचा निकाल दुसऱ्या बाजूने लागला तरच पुढचा परिच्छेद अपरिहार्य होतो : रोजगार हमी योजनेचा १९७७ साली संमत झालेला आणि १९७९ पासून अमलात आलेला कायदा हा दुष्काळावरचा उपाय का ठरतो. धान्यवाटपापेक्षा मागेल त्याला काम देणे, हा उपाय मुळातील निदानातूनच निघतो. त्यावर पूर्वपक्ष उभा राहतो : खडी फोडून मजुरी मिळेल, पण पुढच्या वर्षी पाऊस हुकला तर पुन्हा खडीच फोडावयाची का? या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर काम कोणते असावे हा प्रश्न येतो आणि तेथे पाझर तलाव आणि नालाबांध प्रवेश करतात. ‘पाणी अडवा’ हे वाक्य दोन्ही निबंधांत आहे. पहिल्यात ती घोषणा आहे. दुसऱ्यात ते एका आक्षेपाचे उत्तर आहे आणि त्याची जागा हलवली तर निबंध कोसळतो. निदान पहिल्या बाजूने झाले असते, म्हणजे दुष्काळ हा धान्याचाच तुटवडा ठरला असता, तर साठवण, वाहतूक आणि वाटप यांना धरून वेगळीच मालिका बांधावी लागली असती. प्रस्तावनेचे खरे काम हे निदान करणे आहे. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ या वाक्याने ते होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. ज्याच्या घरी प्रमाणमराठी बोलली जात नाही, ज्याच्याभोवती पुस्तके नाहीत, त्याला मुद्द्यांचा तयार साचा हाच आधार असतो. तो काढून घेतला तर निबंध पुन्हा मूठभरांची मिरास होईल. आक्षेपातील चिंता खरी आहे. मात्र साचा असावा की नसावा, हा वादाचा विषय नाही. साचा मुद्द्यांचा असावा की प्रश्नांचा, हा आहे. छापील मुद्दे आठवणीवर आणि शब्दसंपत्तीवर भार टाकतात, म्हणजे ज्याच्याकडे त्या आधीच आहेत त्यालाच झुकते माप देतात. धोंडीरावासारखा शंका विचारणारा कोणीतरी मनाशी धरून लिहिण्यास प्रमाणभाषेची पूर्वअट नाही. खानदेशातल्या किंवा मालवणातल्या मुलाला ‘मग असे का?’ हा प्रश्न घरच्या बोलीत रोजच ऐकू येतो. वेळेची अडचण अधिक अवघड आहे. मोजक्या मिनिटांत आणि मोजक्या शब्दांत संशयापासून सिद्धांतापर्यंत जाणे कठीण. पण तेवढ्या जागेत तीन परिच्छेद मावतातच आणि तिसरा दुसऱ्यावाचून उभा राहू नये, एवढी अपेक्षा काही अवाजवी नाही.

हा घाट शाळेतच राहिला असता तर समीक्षेने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. मराठीच्या एम. फिल. आणि पीएच. डी. प्रबंधांची अनुक्रमणिका पाहावी. पहिले प्रकरण लेखकाचे चरित्र आणि व्यक्तिमत्त्व. दुसरे कालखंडाची पार्श्वभूमी. मग कथानक, व्यक्तिरेखा, वातावरण, निवेदन, भाषाशैली यांना एकेक प्रकरण. अखेरीस ‘उपसंहार’, ज्यात आधीच्या प्रकरणांचे निष्कर्ष पुन्हा ओळीने उतरवलेले असतात. व्यक्तिरेखांचे प्रकरण भाषाशैलीनंतर घातले तर मार्गदर्शकालाही फरक जाणवू नये. चरित्राचे प्रकरण तर पुढे कोठेच वापरले जात नाही. ते कृषिप्रधान देशाच्या वाक्यासारखे दारात उभे असते. शेकडो पानांच्या अशा प्रबंधात संदर्भ चोख असतात, शुद्धलेखन तपासलेले असते, आणि कादंबरीकाराविषयी कोणता संशय मनात धरून हा उद्योग आरंभिला, याचा पत्ता वाचकाला शेवटच्या पानापर्यंत लागत नाही.