उचल आणि इच्छा
कृतीआधी माणसाला काय लागते? विश्वनाथाची ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’ सांगते: हे जमेल आणि यातून हवे ते मिळेल, ही जाण, मोठे अनिष्ट ओढवेल अशी जाण मात्र आडवी येते. धारूरच्या ऊसतोड मजुरांपाशी मी या शेवटच्या अटीवर अडखळतो. कोयता (म्हणजे नवरा-बायकोची जोडी) दसरा-दिवाळीच्या सुमारास फडाकडे निघतो, तेव्हा अनिष्ट ठाऊक असतेच. पण मुकादमाची उचल दवाखान्यात, लग्नात संपलेली. न जाणे त्याहून मोठे अनिष्ट. आपली समीक्षा मजुराची इच्छा निघण्याच्या क्षणी शोधते. ती उचल घेताना शोधायला हवी. तिथेही बायकोला कोणी विचारले होते का? नैयायिकांचा ‘कर्ता’ एकवचनी आहे, कोयता नाही.